माहलर ते स्त्राविन्स्की: एकाच रचनेची ध्वनिमुद्रणे ताडून कशी ऐकावीत

संगीतकार गुस्ताव माहलर यांच्या पाचव्या सिम्फनीचा चौथा भाग, म्हणजे ‘अदाजिएत्तो’, स्वरलिपीत अवघा १०३ बारांचा (बार म्हणजे उभ्या रेघांनी पाडलेला ठरावीक मात्रांचा तुकडा) आहे. विलेम मेंगेलबर्ग यांनी १९२६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाव वाद्यवृंदाकडून तो वाजवून घेतला, तेव्हा त्याला सुमारे सात मिनिटे लागली. ब्रूनो वॉल्टर यांच्या १९३८ मधील व्हिएन्नाच्या ध्वनिमुद्रणात तो आठ मिनिटांच्या थोडा आत संपतो, हर्बर्ट फॉन कारायान यांच्या १९७३ मधील बर्लिनच्या ध्वनिमुद्रणात बारा मिनिटांच्या जवळ जातो, आणि त्याच बर्लिन फिलहार्मोनिककडून बर्नार्ड हायटिंक यांनी १९८८ मध्ये तो वाजवून घेतला तेव्हा त्याला जवळजवळ चौदा मिनिटे लागली. स्वर तेच आणि कागदही तोच असताना वेळ मात्र दुप्पट. हे कळल्यावर ‘यांतला बरोबर कोण?’ असा प्रश्न मनात येतो, आणि तुलना बहुधा तिथेच फसते, कारण उत्तर देण्याइतके आपण अजून काहीच ऐकलेले नसते.

एकच बंदिश दोन गायकांकडून ऐकून तिची तुलना करण्याची सवय आपल्याकडच्या श्रोत्याला असतेच. पण ख्यालात बंदिश हे बीज असते आणि गाणे गायकाचे असते. माहलर, देब्यूसी, सिबेलियस, स्त्राविन्स्की यांच्या वाद्यवृंदरचनांत प्रत्येक स्वर, त्याची लांबी, त्याचा जोर आणि पुष्कळदा तो कसा वाजवू नये हेसुद्धा आधीच लिहून ठेवलेले असते. माहलर स्वतः १८९७ ते १९०७ या काळात व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराचे प्रमुख होते. वादक आणि संचालक कुठे घसरतात हे त्यांना पुरेपूर ठाऊक होते, म्हणून त्यांच्या पानापानांवर ‘रेंगाळू नका’, ‘घाई नको’ अशा सूचना आढळतात. त्यामुळे इथला फरक मोठमोठ्या वळणांत शोधून सापडत नाही. तो एखाद्या स्वराच्या सुरुवातीत, दोन वाद्यांच्या तोलात, लय सैल पडण्याच्या नेमक्या क्षणी असतो. (‘कंडक्टर’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एसटीची घंटी येते, म्हणून या लेखात ‘संचालक’ हाच शब्द वापरला आहे.)

ऐकू येणाऱ्या फरकाची मूळ ठिकाणे चार आहेत: संचालकाने हाती घेतलेली स्वरलिपीची आवृत्ती, वाद्यवृंदाची वाद्ये आणि त्याच्या वादनाच्या सवयी, ध्वनिमुद्रणाचे तंत्र व जागा, आणि शेवटी संचालकाचा स्वतःचा विचार. सर्वसाधारणपणे आपण सगळे श्रेय आणि सगळा दोष चौथ्याच्या खात्यावर टाकतो. या लेखातील पद्धतीचा सगळा भर एवढाच आहे की पहिली तीन कारणे तपासून बाजूला ठेवल्याशिवाय चौथ्याविषयी मत बनवू नये.

ऐकण्यापूर्वीची तयारी

संपूर्ण सिम्फनी घेऊन बसू नये. ऐंशी मिनिटांची रचना तीनदा ऐकून झाल्यावर पहिल्या वेळचे काहीही नेमके आठवत नाही. उरते ती केवळ ‘भव्य’, ‘कोरडे’, ‘भावपूर्ण’ अशा विशेषणांची गर्दी. एकच उतारा निवडावा आणि तो तीन मिनिटांहून मोठा नसावा. ध्वनिमुद्रणे तीनच घ्यावीत, आणि ती मुद्दाम एकमेकांपासून दूरची असावीत: एक युद्धपूर्व काळातील, एक स्टीरिओच्या पहिल्या दशकातील, एक अलीकडचे. दहा-बारा ध्वनिमुद्रणांची यादी करून बसणाऱ्यांचा उत्साह मी पाहिला आहे, पण सातव्यापर्यंत पोहोचताना कान नव्हे, यादीच ऐकत असते.

स्वरलिपी समोर असावी. आयएमएसएलपी या संकेतस्थळावर या काळातील पुष्कळ स्वरलिप्या विनामूल्य मिळतात. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क राहतो. त्यामुळे माहलर (मृत्यू १९११), देब्यूसी (१९१८), राव्हेल (१९३७) आणि सिबेलियस (१९५७) यांच्या रचना येथे मोकळ्या झाल्या आहेत, स्त्राविन्स्की (१९७१) यांच्या अजून झालेल्या नाहीत. स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी) वाचता येत नसले तरी घाबरण्याचे कारण नाही. पहिली व्हायोलिन्स कोणत्या ओळीत आहेत, बार कुठे बदलतो, आणि जाड अक्षरांतल्या सूचना कुठे येतात एवढे डोळ्यांनी धरता आले तरी पुरते. दोन-तीन बैठकांत बोट आपोआप सुरांबरोबर सरकू लागते.

स्ट्रीमिंग सेवांवर दिसणारे साल हे अनेकदा पुनःप्रकाशनाचे असते, वादनाचे नसते, त्यामुळे १९३८ चे ध्वनिमुद्रण २०१० च्या नावाखाली दिसणे अजिबात दुर्मीळ नाही. वाद्यवृंद, शहर, सभागृह आणि ध्वनिमुद्रणाचे खरे साल या चार गोष्टी आधी लिहून काढाव्यात. एकाच संचालकाने तीच रचना दोन-तीनदा मुद्रित केलेली असते, आणि त्यांची सरमिसळ झाली तर पुढचे सगळे निष्कर्ष वाया जातात.

आवाजाच्या पातळीचा मुद्दा सर्वांत क्षुल्लक वाटतो आणि सर्वांत जास्त फसवतो. दोन ध्वनिमुद्रणांपैकी जे किंचित मोठ्याने वाजते ते आपल्याला अधिक स्पष्ट, अधिक जिवंत आणि अधिक ‘मोकळे’ वाटते. एका जुन्या ध्वनिमुद्रणाचे नवे संस्करण मूळपेक्षा फार सरस आहे असे मी कित्येक महिने लोकांना सांगत होतो. एके दिवशी दोन्हींचे आवाज एका पातळीवर आणले आणि माझ्या मताला आधारच उरला नाही. म्हणून तुलनेआधी सगळ्या ध्वनिमुद्रणांतील एकच शांत जागा निवडावी, उदाहरणार्थ फक्त चेलो आणि हार्प वाजत असलेली, आणि ती तिन्हींत सारखी ऐकू येईपर्यंत आवाज जुळवावा. मोठ्या गजराच्या जागेवरून जुळवू नये. स्ट्रीमिंग अ‍ॅपमधील आवाज आपोआप समान करणारी सोय आणि दोन ट्रॅक एकमेकांत मिसळणारी सोय या दोन्ही बंद कराव्यात, कारण पहिली सोय सिम्फनीच्या हळुवार भागाला मोठा करून संगीतकाराने योजलेला तोलच बिघडवते.

अदाजिएत्तो: पहिला सराव

सुरुवात याच भागाने करावी असे मी सुचवतो, कारण यात फक्त तंतुवाद्ये आणि एक हार्प आहे. ब्रास (पितळी सुषिरवाद्ये) नाही, तालवाद्ये नाहीत. कानाला कमी गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते.

आधी साधा हिशेब करावा. १०३ बार, प्रत्येकी चार मात्रा, म्हणजे एकूण ४१२ मात्रा. सात मिनिटांत त्या वाजल्या तर मिनिटाला सरासरी ५९ मात्रा पडतात. बारा मिनिटांत वाजल्या तर ३४. एवढा फरक म्हणजे तीच रचना मध्यलयीत आणि विलंबितात ऐकण्यासारखे आहे. पण सरासरी ही सरासरीच असते. या भागात लय सतत मागेपुढे होते, आणि दोन संचालकांची एकूण वेळ सारखी येऊनही एकाने सुरुवात रेंगाळून शेवट पळवलेला असू शकतो, तर दुसऱ्याने नेमके उलटे केलेले असू शकते. म्हणून एकूण मिनिटे ही नोंदीची पहिली ओळ असावी, निष्कर्ष नव्हे.

आता पहिले दोन-तीन बार ऐकावेत. हार्पचे सुटे स्वर सुरू झाल्यावर पहिली व्हायोलिन्स तीन चढत्या स्वरांनी प्रवेश करतात आणि त्या तीन स्वरांवर माहलर यांनी लय एकदम सैल करण्याची सूचना लिहिली आहे. ते तीन स्वर किती ताणले आहेत? ताणल्यानंतर लय परत जागेवर येते, की ताणलेलीच लय पुढे चालू राहते? हा प्रश्न मला एकूण वेळेपेक्षा जास्त काही सांगून जातो. मेंगेलबर्ग आणि वॉल्टर यांच्याकडे ते तीन स्वर उंबरठ्यासारखे आहेत, ओलांडले की चाल सुरू होते. नंतरच्या संथ ध्वनिमुद्रणांत मात्र पुष्कळदा उंबरठ्यावरच बैठक मांडलेली असते. तिन्ही ध्वनिमुद्रणांतील एवढाच तुकडा लागोपाठ ऐकावा, मग पहिला पुन्हा ऐकावा. हा परतीचा फेरा चुकवू नये, कारण दुसरे ऐकल्यानंतर पहिले वेगळेच ऐकू येते.

त्यानंतर हार्पकडे लक्ष द्यावे. जलद वादनात हार्पचे स्वर एकमेकांना ढकलत पुढे जातात आणि त्यांच्यातून लयीचा झोका जाणवतो. संथ वादनात प्रत्येक स्वर वेगळा टपकतो आणि लय धरण्याचे काम बेस व चेलोंच्या लांब स्वरांवर येते. मधल्या भागात हार्प पूर्ण थांबते. तिथे लयीचा आधार कोण देतो हे ऐकले की संचालकाची पकड कळते, कारण अतिशय संथ चालीत हा भाग विस्कळीत होण्याचा धोका खरा असतो. कारायान यांच्या ध्वनिमुद्रणाविषयी माझी तक्रार कमी आहे ती याच कारणाने: लय संथ असली तरी खालचे स्वर इतके अखंड आहेत की पोकळी जाणवत नाही. तरीही मन माझे आठ-नऊ मिनिटांच्या बाजूचेच आहे.

हार्प परतते त्या ठिकाणी व्हायोलिन्सना वरून खाली घसरत येण्याची स्पष्ट सूचना आहे. ही मींड लिहिलेली आहे. मेंगेलबर्ग यांच्या १९२६ च्या ध्वनिमुद्रणात मात्र न लिहिलेल्या मींडाही जागोजाग ऐकू येतात. त्या काळातील तंतुवादकांची ती रोजची बोली होती. पुढील काही दशकांत ती इतकी नाहीशी झाली की आजचा श्रोता तिला संचालकाची लहर समजतो. तेव्हा वहीत दोन रकाने करावेत, लिहिलेल्या मींडा एकात आणि न लिहिलेल्या दुसऱ्यात. दुसरा रकाना बहुतांशी वाद्यवृंदाच्या सवयीचा आहे, आणि मेंगेलबर्ग यांच्यासारख्या कडक तालमी घेणाऱ्या माणसाने ती सवय किती जोपासली हा त्यापुढचा प्रश्न.

जुनी ध्वनिमुद्रणे जलद का, याचे एक झटपट उत्तर दिले जाते की ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटांत संपत असे, म्हणून संचालकांना घाई करावी लागे. ते इथे पुरे पडत नाही. दोन बाजूंत साडेआठ-नऊ मिनिटे मावू शकत होती, आणि मेंगेलबर्ग यांनी त्यांतली बरीच जागा मोकळी सोडली. शिवाय त्यांच्या स्वतःच्या स्वरलिपीवर हा भाग म्हणजे माहलर यांनी आल्मासाठी (पुढे त्यांची पत्नी) लिहिलेले प्रेमपत्र आहे अशी नोंद आहे. उलट ८ जून १९६८ रोजी न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट केनेडी यांच्या अंत्यविधीत लेनर्ड बर्नस्टाइन यांनी हाच भाग वाजवून घेतला, आणि पुढे ‘डेथ इन व्हेनिस’ या चित्रपटामुळे शोक आणि मृत्यू यांच्याशी तो जोडलाच गेला. आपण स्वतः कोणत्या बाजूने या संगीताकडे आलो हे तुलनेआधी प्रामाणिकपणे लिहून ठेवले तर बरे, कारण ओळखीची लय हीच बरोबर वाटत असते.

एक संचालक, दोन काळ

संचालकाचा विचार वेगळा काढायचा असेल तर एकाच संचालकाची दोन ध्वनिमुद्रणे समोरासमोर ठेवणे ही चांगली युक्ती आहे. माहलर यांच्या नवव्या सिम्फनीचे पहिले वादन ब्रूनो वॉल्टर यांनी २६ जून १९१२ रोजी व्हिएन्नात केले. तिचे पहिले ध्वनिमुद्रणही त्यांचेच, १६ जानेवारी १९३८ रोजी व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या प्रत्यक्ष मैफलीत झालेले. दोन महिन्यांनी जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरले आणि वॉल्टर यांना तिथे परतण्याचा मार्ग उरला नाही. त्या काळात वाद्यवृंदाचे आघाडीचे व्हायोलिनवादक होते आर्नोल्ड रोझे, माहलर यांचे मेहुणे. तेही पुढे इंग्लंडला गेले. तेवीस वर्षांनी, १९६१ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी वॉल्टर यांनी कॅलिफोर्नियात कोलंबिया सिम्फनी या नावाखाली जमवलेल्या वादकांसह तीच सिम्फनी स्टीरिओत मुद्रित केली. पहिल्या वेळी सुमारे ७० मिनिटे, दुसऱ्या वेळी सुमारे ८१.

हा फरक वयाचा, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि ते काही अंशी खरेही असेल. पण दोन्हींचा शेवटचा भाग, १९३८ चा सुमारे १८ मिनिटांचा आणि १९६१ चा सुमारे २१ मिनिटांचा, लागोपाठ ऐकल्यावर आणखी काही गोष्टी पुढे येतात. पहिल्यात श्रोते आहेत, त्यांचा खोकला आहे, तंतुवाद्यांत मींड आहे, आणि संकटाच्या छायेतील शहरातली ती मैफल आहे हे माहीत असल्यामुळे आपण त्यात नसलेले थरथरणेही ऐकतो. दुसऱ्यात सभागृह रिकामे आहे, हव्या त्या ठिकाणी थांबून पुन्हा वाजवण्याची सोय आहे, आणि मायक्रोफोन इतके बारकाईने टिपतात की लाकडी सुषिरवाद्यांची प्रत्येक ओळ वेगळी ऐकू येते. जे स्पष्ट ऐकू येते ते संथ वाजवूनही धरून ठेवता येते. पुसट ध्वनीत तीच लय कंटाळवाणी झाली असती. म्हणजे लयीच्या निवडीतही ध्वनिमुद्रणाचा हात असू शकतो. बर्नस्टाइन यांनी १९७९ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर (त्या वाद्यवृंदाबरोबरचा त्यांचा तो एकमेव प्रसंग) हाच भाग सुमारे २६ मिनिटांपर्यंत नेला. तेही प्रत्यक्ष मैफलीतलेच ध्वनिमुद्रण, तेव्हा ‘मैफलीत लय जलद होते’ हा नियमही टिकत नाही.

शेवटचे पान वेगळे काढून ऐकावे. तिथे माहलर यांनी अतिसंथ अशी सूचना लिहिली आहे आणि अखेरीस ‘विझत जाणारे’ असा शब्द. सेकंदकाटा लावून त्या पानाचा वेळ मोजावा, आणि मग पुन्हा न मोजता ऐकून कोणत्या ध्वनिमुद्रणात दोन स्वरांमधली शांतता ताणलेली राहते आणि कोणत्यात नुसती रिकामी राहते ते लिहावे. आकड्यांचा आणि कानाचा निकाल क्वचितच जुळतो.

याच सिम्फनीत वाद्यांच्या बैठकीचा एक धडाही आहे. पहिल्या भागातील मुख्य सुरावट दुसऱ्या व्हायोलिन्सपासून सुरू होते आणि पहिली व्हायोलिन्स नंतर तिच्यात येतात. माहलर यांच्या काळात पहिली व्हायोलिन्स संचालकाच्या डावीकडे आणि दुसरी उजवीकडे बसत, त्यामुळे हा संवाद सभागृहाच्या दोन टोकांत चाले. विसाव्या शतकात दोन्ही गट डावीकडे शेजारी बसवण्याची पद्धत रुळली आणि संवाद एका कोपऱ्यात गोळा झाला. ओटो क्लेम्परर यांनी जुनी बैठक सोडली नाही. त्यांचे १९६७ चे न्यू फिलहार्मोनियाबरोबरचे ध्वनिमुद्रण हेडफोन लावून ऐकले तर सुरावट उजवीकडून सुरू होते हे पहिल्याच मिनिटात कळते. वॉल्टर यांचे १९३८ चे मोनो, म्हणजे डावे-उजवे वेगळे नसलेले, असल्यामुळे तिथे बैठक कोणतीही असो, दिशा ऐकूच येणार नाही.

कागदावरच फरक असेल तर

आवृत्त्यांचा प्रश्न कोरडा वाटतो, पण तो टाळून केलेली तुलना कधीकधी हास्यास्पद ठरते. माहलर यांची सहावी सिम्फनी घ्या. छापील पहिल्या आवृत्तीत स्केर्त्सो (जलद चालीचा भाग) दुसरा आणि संथ अंदान्ते तिसरा होता. २७ मे १९०६ रोजी एसेन येथील पहिल्या वादनात माहलर यांनी क्रम उलटा केला. १९६३ च्या चिकित्सक आवृत्तीने पुन्हा स्केर्त्सो आधी आणला आणि २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय माहलर संस्थेने अंदान्ते आधी असल्याचे जाहीर केले. जॉन बार्बिरोली अंदान्ते आधी वाजवून घेत, तरी त्यांच्या १९६७ च्या ध्वनिमुद्रणाच्या काही प्रकाशनांत स्केर्त्सो आधी आढळतो. तो क्रम प्रकाशकाचा. शेवटच्या भागात तालवाद्य म्हणून वापरलेल्या हातोड्याचे घाव किती, दोन की तीन, हेही मोजावे, कारण तिसरा घाव माहलर यांनी नंतर काढून टाकला होता आणि काही संचालक तो परत घालतात.

देब्यूसी यांच्या ‘ला मेर’ या वाद्यवृंदरचनेच्या तिसऱ्या भागात, शेवटाच्या जरा आधी, ब्रासच्या छोट्या ललकाऱ्या आठ बारांत १९०५ च्या आवृत्तीत होत्या, १९०९ च्या आवृत्तीत त्या नाहीत. त्या ऐकू आल्या तर संचालकाने जुना कागद मानला, एवढेच. राखमानिनोव्ह यांच्या दुसऱ्या सिम्फनीत तर जुन्या पिढीचे संचालक सर्रास कात्री चालवत. आंद्रे प्रेव्हिन यांचे १९६६ चे ध्वनिमुद्रण कात्री लागलेले आणि १९७३ चे संपूर्ण आहे, आणि हे न पाहता ‘प्रेव्हिन पुढे संथ झाले’ असे म्हणणारा फसलाच.

सिबेलियस यांच्या पाचव्या सिम्फनीत आवृत्त्यांची तुलना हा स्वतंत्र आनंद आहे. ८ डिसेंबर १९१५ रोजी, त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवशी, हेलसिंकीत वाजलेली रचना चार भागांची होती. १९१६ मध्ये तिच्यात बदल झाले आणि १९१९ चे अंतिम रूप तीन भागांचे आहे. ओस्मो वान्स्का यांनी लाहती सिम्फनीबरोबर १९१५ चे रूप मुद्रित केले आहे. अंतिम रूपाचा शेवट सहा सुट्या स्वरपुंजांनी होतो आणि त्यांच्यामध्ये निखळ शांतता आहे; १९१५ च्या रूपात ती शांतता तंतुवाद्यांनी भरलेली आहे. हे एकदा ऐकल्यावर नेहमीच्या आवृत्तीतील त्या पाच मोकळ्या जागा संचालक कशा सांभाळतो हे ऐकण्याची भूक लागते. काही जण त्या काटेकोर मोजतात, काही जण शेवटच्या दोन स्वरपुंजांआधी जागा वाढवतात. ज्या सभागृहात प्रतिध्वनी जास्त तिथे शांतता रिकामी राहतच नाही, आधीच्या स्वराची शेपटी तिच्यात लोंबत असते. म्हणून इथेही आधी सभागृह, मग संचालक.

मायक्रोफोन आणि वाद्ये

१९२५ पर्यंत कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसून वाजवावे लागे. मायक्रोफोन आले तेव्हा प्रथमच पूर्ण वाद्यवृंदाचे बरे ध्वनिमुद्रण शक्य झाले, आणि हा लेख ज्या काळाबद्दल आहे त्या संगीताची गंभीर तुलना तिथूनच सुरू करता येते. पुढचे टप्पे थोडक्यात: १९४० च्या दशकाच्या अखेरीस चुंबकीय फीत आणि लाँगप्ले तबकडी, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टीरिओ, १९७० च्या अखेरीस डिजिटल. फितीबरोबर कापून जोडण्याची सोय आली, आणि निर्दोष वादन ही श्रोत्याची अपेक्षा बनली.

याचे उत्तम उदाहरण स्त्राविन्स्की यांचे ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेचे संगीत. २९ मे १९१३ रोजी पॅरिसमधील गाजलेल्या पहिल्या प्रयोगाचे संचालक प्येर माँत्यू होते. त्यांनी आणि स्वतः स्त्राविन्स्की यांनी १९२९ मध्ये पॅरिसमध्येच ते वेगवेगळे मुद्रित केले. दोन्हींत अखेरच्या यज्ञनृत्यात वादक धडपडतात. बदलत्या मात्रांचा तो चक्रव्यूह तेव्हा खरोखरच अवघड होता. आज ते विद्यार्थ्यांचे वाद्यवृंदही वाजवतात. स्त्राविन्स्की यांच्या १९६० च्या ध्वनिमुद्रणातील लय जास्त कोरडी आणि टोकदार आहे, पण ती संगीतकाराचा मूळ हेतू सांगते की चाळीस-पन्नास वर्षांत बदललेले मत, हे केवळ ऐकून सांगता येणार नाही; संगीतकाराने स्वतः वाजवून घेतलेले ध्वनिमुद्रण हा महत्त्वाचा पुरावा असला तरी शेवटचा शब्द नव्हे. पिएर बुलेझ यांचे क्लीव्हलँडबरोबरचे १९६९ चे आणि झुबिन मेहतांचे लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकबरोबरचे त्याच वर्षीचे अशी दोन ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवली तर काळ आणि तंत्र बरेचसे सारखे असल्यामुळे संचालकाचा भाग सहज वेगळा काढता येतो. मुंबईत जन्मलेल्या मेहतांना या काळातील मोठ्या वाद्यवृंदसंगीतात विशेष रस होता. माहलर यांच्या दुसऱ्या सिम्फनीचे व्हिएन्नातील १९७५ चे त्यांचे ध्वनिमुद्रणही मिळवून ऐकण्याजोगे आहे. यज्ञासाठी निवडलेल्या मुलीच्या गौरवनृत्याआधी येणारे ११ सारखे ठोके ही इथली कसोटीची जागा: ते यंत्रासारखे पडतात की शेवटाकडे जड होतात, आणि त्यांत टिंपनी या नगाऱ्यासारख्या वाद्याची कातडी ऐकू येते की फक्त धक्का?

वाद्यांचे नादही आता पूर्वीसारखे वेगळे राहिलेले नाहीत. ‘राइट ऑफ स्प्रिंग’च्या सुरुवातीची ‘बसून’ (bassoon) या खर्जाच्या लाकडी सुषिरवाद्याची उंच सुरावट फ्रेंच बांधणीच्या बसूनवर घशातून आल्यासारखी, किंचित नाकातली वाटते, जर्मन बांधणीच्या बसूनवर गोल आणि मऊ. फ्रांस्वा-झाव्ये रोत यांनी स्थापन केलेला ‘ले सिएक्ल’ वाद्यवृंद त्या काळची वाद्ये वापरतो. त्यांचे ध्वनिमुद्रण माँत्यू यांच्या १९२९ च्या शेजारी ठेवले की जुन्या तबकडीतील जो नाद आपण तंत्राचा दोष समजत होतो त्यातला बराचसा वाद्याचाच होता हे लक्षात येते. व्हिएन्नाचे हॉर्न आणि ओबो आजही वेगळे आहेत. सोव्हिएत काळातील रशियन वाद्यवृंदांच्या हॉर्नमधला कंप एकदा ऐकला की विसरत नाही.

ध्वनिमुद्रण अभियंत्याचा हात ओळखण्यासाठी एक सोपी खूण. हार्प, सेलेस्टा (घंट्यांसारखा नाद देणारे पट्ट्यांचे वाद्य) किंवा एकटा बासरीवादक वाजतो तेव्हा तो वाद्यवृंदाच्या आत, आपल्या जागेवर बसलेला वाटतो, की अचानक दोन पावले पुढे येतो? पुढे येत असेल तर त्याच्यासाठी वेगळा मायक्रोफोन उघडलेला आहे, आणि त्या तोलाचे श्रेय संचालकाला देता येणार नाही. ‘ला मेर’च्या पहिल्या भागात देब्यूसी यांनी सोळा चेलो मागितले आहेत आणि त्यांना चार गटांत विभागले आहे, सोळांऐवजी आठ किंवा दहाच चेलो असूनही मायक्रोफोनच्या मदतीने तो उतारा भरदार करता येतो. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची मैफल ऐकण्याची संधी मिळाली तर चेलो किती आहेत ते मोजून, डोळे मिटून त्यांचा आवाज लक्षात ठेवावा. घरी परतल्यावर त्या मोजमापाचा फार उपयोग होतो. आणखी एक किरकोळ पण मजेची गोष्ट: लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये झालेल्या ध्वनिमुद्रणांत शांत जागी खालून भुयारी रेल्वेची घरघर ऐकू येते. ती ऐकू आली तर आपले स्पीकर खर्ज नीट वाजवतात असे समजावे.

जुन्या तबकड्यांवरून केलेल्या संस्करणांत पट्टीही तपासावी. तबकडी जरा जलद फिरवली तर सूर चढतात आणि वेळही घटतो, आणि ‘जुने संचालक जलद होते’ या समजाला फुकट दुजोरा मिळतो. ट्यूनरच्या अ‍ॅपवर एखादा लांब स्वर तपासला तरी काम भागते. खरखर पूर्ण काढून टाकलेल्या संस्करणापेक्षा थोडी खरखर ठेवलेले मला नेहमी पसंत पडते, कारण खरखरीबरोबर व्हायोलिन्सची वरची चमकही जाते.

नोंद कशी करावी, हे एका उदाहरणाने सांगतो. ‘कारायान: भव्य, संथ’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘कारायान १९७३, अदाजिएत्तो, पहिले तीन स्वर फार ताणलेले, लय तिथून परत आली नाही, हार्प दूर, बेस अखंड, लिहिलेली मींड जेमतेम ऐकू आली’ या नोंदीकडे वर्षभराने परतता येते आणि तिच्याशी भांडताही येते. अशा नोंदी झाल्या की घरातल्या कुणाला तरी तिन्ही तुकडे क्रम बदलून, नाव न सांगता वाजवायला सांगावे. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा वॉल्टर यांच्या १९६१ च्या शेवटच्या पानाला मी बर्नस्टाइन समजलो होतो. त्या दिवसापासून वहीत संचालकाचे नाव मी ओळीच्या शेवटी लिहितो.